‘हो’ म्हणणारं मशीन आणि ‘हो’ म्हणणारे आपण

तारीख होती ११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेतून खोटा संदेश गेला आणि १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात पोहोचले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर! बँकही साधीसुधी नव्हे, १९०६ साली स्थापन झालेली. आणि नवल म्हणजे बँकेने तेव्हा सांगितलं, की एकाही खातेदाराची शिल्लक कमी झालेली नाही.

हे कसं शक्य आहे? मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी, त्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. त्यामुळे जड मराठी शब्द मला येत नाहीत. मेसच्या टेबलावर सांगते तसंच इथे सांगते.

आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, पिन टाकतो. एटीएमला आपली शिल्लक माहीत नसते. ते फक्त विचारतं, ‘या कार्डावर पाच हजार देऊ का?’ हा प्रश्न नेटवर्कमधून आपल्या बँकेच्या ‘स्विच’कडे येतो. स्विच म्हणजे एक सर्व्हर, दारावरच्या शिपायासारखा. तो आत कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या मुख्य खातेवहीला विचारतो. खातेवही शिल्लक बघते आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते. तेच उत्तर उलट्या वाटेने एटीएमपर्यंत जातं.

चोरांनी मालवेअर घुसवून या वाटेवर एक खोटा स्विच उभा केला. खोट्या कार्डांवरून येणारे प्रश्न आत खातेवहीपर्यंत जाऊच दिले नाहीत. परस्पर ‘हो’, ‘हो’, ‘हो’! खातेवहीला कुणी विचारलंच नाही, म्हणून कुणाच्या खात्यावर नोंद झाली नाही. पैसे मात्र बँकेचे गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

यातून मला एक गोष्ट कळली. बँकेतली डिजिटल फसवणूक म्हणजे कुणाकडून तरी खोटा ‘हो’ मिळवणं. कधी तो मशीनकडून मिळतो, कधी माणसाकडून. आणि ती रोखायची म्हणजे प्रत्येक ‘हो’ दुसऱ्या कुणीतरी तपासायचा.

बँका हे बऱ्याच प्रकारांनी करतात. मोठा व्यवहार एकाने भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, याला ‘मेकर-चेकर’ म्हणतात. एटीएममधून गेलेली रक्कम आणि खातेवहीतली नोंद जुळते का, हे पाहायचं, म्हणजे ताळमेळ. रोज किती रक्कम काढता येईल याची मर्यादा. नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका पहिले काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. शिवाय एक प्रोग्रॅम सतत नजर ठेवतो. दुपारी नाशिकमध्ये वापरलेलं कार्ड अर्ध्या तासाने परदेशात कसं वापरलं गेलं, असली शंका तो काढतो.

मग प्रत्येक संशयास्पद व्यवहार थांबवूनच का टाकत नाहीत? इथे आपलं सेकंड इयरचं प्रोबॅबिलिटी कामाला येतं. समजा दिवसाला एक लाख व्यवहार होतात आणि त्यात दहा चोरीचे आहेत. प्रोग्रॅम ९९ टक्के वेळा बरोबर ओळखतो असं धरू. दहाच्या दहा चोर तो जवळजवळ पकडेल. पण उरलेल्या ९९,९९० प्रामाणिक व्यवहारांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे हजार, त्याला उगाच संशयास्पद वाटतील. म्हणजे शंभर जणांना अडवलं तर त्यात चोर एखादाच! बाकीचे कुणी हॉस्पिटलचं बिल भरत असतील, कुणी आपली परीक्षा फी.

म्हणून बऱ्याचदा शंका आली की यंत्रणा व्यवहार बंद न करता खातेदारालाच विचारते, ‘हे तुम्हीच ना?’ ओटीपी म्हणजे तोच प्रश्न. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला अशी जादा खात्री हवीच, असा नियम रिझर्व्ह बँकेने २००९ साली आणला. म्हणजे शेवटचा ‘हो’ आपल्या हातात आला. हे चोरांनाही कळलं. बँकेचा सर्व्हर फोडायला महिनोन् महिने अभ्यास लागतो, आपल्याला फोन करायला एक सिम पुरतं.

आमच्या मेसच्या मावशींना असाच फोन आला होता. ‘तुमचं केवायसी संपलंय, संध्याकाळपर्यंत खातं बंद होईल, आलेला नंबर सांगा.’ मावशी म्हणाल्या, “उद्या बँकेत येऊन सांगते हं,” आणि पोळ्या लाटायला लागल्या. मला वाटतं बँकेच्या चेकरने जे करायचं, ते मावशींनी केलं. घाई केली नाही, आणि दुसऱ्या वाटेने खात्री करायचं ठरवलं.

फसवणुकीचे प्रकार कितीही बदलले तरी त्यात घाई आणि भीती असतेच. ‘तुमच्या नावाने पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, व्हिडिओ कॉल बंद करू नका, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.’ आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाहीये! ‘पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ यूपीआयचा पिन आपल्या खात्यातून पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. ‘लग्नाची पत्रिका’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडली, तर ती आपले एसएमएस वाचू शकते. मग ओटीपी विचारायचीही गरज उरत नाही.

एवढं करूनही पैसे गेलेच तर? लाजून गप्प बसू नका. लगेच बँकेला कळवा आणि १९३० या नंबरवर तक्रार करा. पैसे ज्या बँकेत पोहोचले तिथे निरोप जातो आणि तिथे अजून शिल्लक असलेली रक्कम अडवता येते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकाचं तत्त्वही लक्षात ठेवण्यासारखं आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काही बोजा नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे काही झालं तरी आधी फोन, रडणं मागून.

आता जरा नाजूक विषय. चोरलेला पैसा चोर स्वतःच्या खात्यात कधीच घेत नाही. पकडला जाईल ना! तो दुसऱ्यांची खाती भाड्याने घेतो. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएमवर. अशा खात्याला ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, ओझं दुसऱ्याचं आणि पाठ आपली. अशी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची एआय प्रणाली तयार केली आहे.

ही खेचरं शोधायला एजंट कुठे येतात? जिथे तरुण मुलं आहेत, हातखर्चाची चणचण आहे आणि नवीन खाती आहेत तिथे. म्हणजे होस्टेलवर! आमच्या विंगमधल्या एका मुलीला मेसेज आला होता: ‘पार्टटाइम जॉब, काम काही नाही. खातं, एटीएम कार्ड आणि सिम द्या, महिन्याला तीन हजार.’ तीन हजार म्हणजे आमची मेस निघते, मोह होणारच. तिने विंगमध्ये सगळ्यांना दाखवला, चर्चा झाली आणि नंबर ब्लॉक झाला. दिलं असतं तर? केवायसी तिचं, फोटो तिचा. खातं गोठलं असतं, स्कॉलरशिप त्यातच अडकली असती आणि पोलीस आधी तिच्या दारात आले असते.

कॉसमॉस प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली. कोल्हापूरसारख्या आपल्याच शहरांतल्या एटीएमवर खोटी कार्डं घालून पैसे काढणाऱ्या साखळीतली ही माणसं. परदेशात बसून खोटा स्विच उभा करणारे डोकेबाज त्यांत नव्हते.

म्हणून माझी दोन मागणी. विद्यार्थ्यांनो, आपलं खातं, कार्ड, सिम कुणालाही वापरायला देऊ नका, अगदी सीनियरने सांगितलं तरी. आणि वॉर्डन मॅडम व ऑफिसमधल्या सरांना विनंती, की मेसच्या फळ्यावर मेन्यूच्या वर १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. मेन्यू आम्ही सगळेच रोज वाचतो!