उसण, कळलावी आणि एक झोपाळू गोळी

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की बुलढाणा जिल्ह्यात कंबरा धरू लागतात. दिवसभर वाकून विळा चालवायचा, मग पोती उचलायची. त्यातच कधीतरी चमक भरते आणि माणूस वाकला तसाच राहतो. पूर्वी खेड्यात अशा वेळी डॉक्टरआधी पायाळू शोधत. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत. जोडीला एरंडाचं पान, निर्गुडीचा पाला, फडक्यात गुंडाळलेल्या विटेचा शेक. पायाळूचं सोडा, पण शेकाला अमेरिकेतल्या फिजिशियन मंडळींच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही पहिल्या उपचारांत जागा आहे.

मधल्या काळात डॉक्टरांचा हुकूम असे, फळीवर पडून राहा. १९९५ साली हेलसिंकीच्या नगर-कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. दोन दिवस अंथरुणात पडलेल्यांपेक्षा जमेल तेवढी रोजची कामं करत राहिलेले लवकर सावरले होते. मजुरी बुडवून पडून राहणं परवडतं कुणाला, त्यामुळे आपल्या मजुरांनी तो हुकूम फारसा पाळलाच नसणार.

स्नायू सैल करणारी औषधं मात्र योगायोगाने आली. फ्रँक बर्गर इंग्लंडमध्ये पेनिसिलिन टिकवणारं रसायन शोधत होता. अशी रसायनं टोचलेले उंदीर शुद्धीत असूनही लुळे पडले. १९४६ मध्ये त्याने त्यांतल्या मेफेनेसिनविषयी लिहिलं. मग क्लोरझोक्साझोन आलं, कॅरिसोप्रोडॉल आलं. कॅरिसोप्रोडॉलची नशा लागते म्हणून २००७ मध्ये युरोपने ते थांबवायला सांगितलं; टॅपेन्टाडॉल या वेदनाशामकाबरोबरच्या त्याच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचं उघड झाल्यावर भारतानेही २०२५ मध्ये त्या मिश्रणाची निर्यात रोखली.

आपल्याकडे चिठ्ठीवर हमखास दिसतं ते थायोकोल्चिकोसाइड. ते येतं कळलावीपासून, पावसाळ्यात रानात लाल-पिवळी फुलणाऱ्या त्याच विषारी वेलीपासून. तिच्या बियांची शेती तामिळनाडूत होते. २०१३ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने या गोळीला लगाम घातला: सात दिवसांहून जास्त नको, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर नकोच. शरीरात तिचा जो एक अंश तयार होतो, तो पेशींतल्या गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो. इथे चिठ्ठी जुनी झाली तरी तीच गोळी पुन्हा आणली जाते, हे मला जास्त खटकतं.

आणि स्नायू सैल करणाऱ्या या औषधांचा गुण किती? २०२१ मध्ये ३१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. पहिल्या दोन आठवड्यांत शंभरपैकी सुमारे आठ गुणांनी दुखणं कमी, तेही कच्च्या पुराव्यावर. एवढा फरक रोग्याला जेमतेम जाणवतो. गुंगी मात्र नक्की जाणवते. मळणी यंत्रापाशी उभं राहणाऱ्याने किंवा ट्रॅक्टर हाकणाऱ्याने ती गोळी घेऊन कामाला जाऊच नये. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपसूक सुटते. पण पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर शेक नको, गोळी नको. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.