उघड्या विटेच्या घराला रंग द्यावा का?

पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात १९८०च्या दशकात उघड्या विटेची पुष्कळ घरं बांधली गेली. ती आता चाळिशीला आली आहेत. बांधणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत आणि घराचं पुढं काय करायचं हे मुलांच्या हातात गेलं आहे. मुलांना ती काळवंडलेली, जागोजागी शेवाळलेली तांबडी भिंत जुनाट वाटते. शेजारी करड्या-पांढऱ्या रंगातली नवी इमारत उभी राहिलेली असते. मग दिवाळीच्या आधी फोन येतो : ‘मॅडम, विटेवर डायरेक्ट रंग चालेल ना? रंगारी म्हणतोय चालेल.’

मी स्थापत्य अभियंता आहे. माझं बहुतेक काम जुन्या घरांच्या दुरुस्तीचं, त्यातही ओल कुठून येते ते शोधण्याचं. त्यामुळे या प्रश्नाकडे मी पाण्याच्या बाजूनं बघते. रंग चालतो का, तर चढवायला चालतो. काढायला मात्र चालत नाही. गिलाव्यावरचा रंग नको झाला तर खरवडता येतो, फारच झालं तर गिलावा पाडून नवा करता येतो. उघड्या विटेला ती सोय नाही, कारण तिथं रंग विटेच्या अंगातच शिरतो.

वीट भट्टीत भाजते तेव्हा तिचा बाहेरचा भाग आतल्यापेक्षा कडक होतो. भाकरीला पापुद्रा सुटावा तशी ही वरची कातडी. ऊन-पाऊस झेलते ती हीच. रंग काढायला घासकाम केलं, वाळूचा फवारा मारला, की रंगाबरोबर ही कातडीही जाते आणि आतली भुसभुशीत वीट उघडी पडते. अमेरिकेत जुन्या इमारतींची देखरेख करणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसनं १९७९ सालीच एक स्वतंत्र पुस्तिका काढून अशा सफाईविरुद्ध इशारा दिला होता. आपल्याकडे अजूनही पन्नास ठिकाणी कॉम्प्रेसर लावून भिंती ‘नव्या’ केल्या जातात आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत त्या पिठासारख्या झडू लागतात.

वीट पाणी पिते, हे सगळ्यांना माहीत असतं. किती पिते, याचा अंदाज नसतो. आयएस १०७७ या भारतीय मानकानुसार साध्या भाजक्या विटेनं चोवीस तास पाण्यात राहिल्यावर आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी घेतलं तरी ती पास. वरच्या ताकदीच्या विटांना ही मर्यादा पंधरा टक्के आहे. म्हणजे तीन किलोची वीट सहाशे ग्रॅम, अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पोटात ठेवू शकते. घराच्या मागं बांधकामातली एखादी वीट पडलेली असेलच. ती उन्हात खडखडीत वाळवा, काट्यावर तोला, एक दिवस बादलीत बुडवून ठेवा, बाहेर काढून वरवर पुसा आणि पुन्हा तोला. पावशेर-तीनशे ग्रॅमच वाढली तर तुमची वीट चांगली आहे. तिला रंगाची गरज नाही, असं मी बेधडक सांगते.

पाणी पिणं हा विटेचा दोष नव्हे. पावसाळ्यात भिंत पाणी घेते आणि ऊन पडलं की बाहेरच्या अंगानं सोडून देते. घोटाळा होतो तो सोडायची वाट बंद केल्यावर. ॲक्रिलिकचा जाड थर, त्याखाली पुट्टी, किंवा हल्ली विटेवर मारतात तो चकचकीत लॅकर, यांतून पाण्याची वाफ नीट बाहेर पडत नाही. पाणी आत मात्र येतच राहतं. जोत्यातून वर चढतं, गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरतं, न्हाणीघराच्या फुटक्या पाइपातून पाझरतं. रंगाला पडलेली केसाएवढी चीरही त्याला पुरते. या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी आटताना ते रंगाच्या मागं स्फटिक होऊन फुगतात आणि रंगाला बाहेर ढकलतात.

कोथरूडला माझ्या मावशीच्या शेजारच्या बंगल्यावर हे अगदी जवळून बघायला मिळालं. रंग दिला त्याला तीन पावसाळे झाले होते. पश्चिमेच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर फोड आले होते. एक पोपडा मी नखानं उचलला आणि उलटा करून तळहातावर ठेवला. बाहेरून छान हस्तिदंती रंग, आणि मागं विटेचा नाण्याएवढ्या जाडीचा थर चिकटून आलेला. त्या थरावर कापसासारखे पांढरे तंतू होते. भिंतीतल्या खळग्यात बोट घातलं तर विटेचा चुरा बोटाला लागला. बाजूच्या भिंतीवर, जिथं रंग नव्हता, तीच वीट, त्याच भट्टीची, ठणठणीत होती.

मावशीच्या घराचा विचार सुरू झाला तो या शेजाऱ्यांमुळेच. मावसभाऊ म्हणाला, ‘ताई, तू एकदा येऊन बघ. आई म्हणते रंग नको, मला ती भिंत बघवत नाही.’ दोघांचंही म्हणणं मला पटण्यासारखं होतं. पश्चिमेला भिंतीवर पांढरे डाग पसरले होते, खिडक्यांखाली काळे ओघळ होते.

पांढरं दिसलं की सगळे त्याला खार म्हणतात. पण ते दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे खरा लोणा, पाण्यात विरघळणारे क्षार. ओल्या बोटानं पुसला की नाहीसा होतो. दुसरा चुन्याचा थर, सिमेंटमधून झिरपून आलेला. तो पाण्यानं जात नाही, पण त्यावर लिंबू पिळलं तर बारीक फेस येतो. मावशीच्या भिंतीवर दोन्ही होतं. जोत्याजवळ लोणा, आणि वर कठड्याखाली चुना. म्हणजे पाणी दोन वाटांनी येत होतं. कठड्यावरचं सिमेंट तडकलं होतं आणि खिडकीच्या सज्ज्यांना खालून खाच ठेवलेली नव्हती, त्यामुळे पागोळीचं पाणी खाली न टपकता भिंतीला लागूनच ओघळत होतं. जोत्याजवळ बागेची माती विटांच्या दोन थरांपर्यंत चढली होती. फुलझाडांना रोज पाणी घातलं की तेवढंच भिंतीलाही मिळत होतं.

लोणा काढताना एक पथ्य पाळा. तो कोरड्या दिवसांत, कोरड्या ब्रशनं झाडा आणि खाली पडलेली पूड उचलून टाका. पाण्यानं धुतला तर तोच क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतो.

मग दरजा, म्हणजे विटांमधले सांधे. उघड्या विटेच्या घराचं निम्मं आयुष्य दरजांवर असतं आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. जुना माल सैल झाला असेल तिथं तो अर्धा-पाऊण इंच खोल कोरून काढायचा, दरज ओली करायची आणि नवा माल दाबून भरायचा. गवंडी सवयीनं कडक सिमेंटचा माल कालवतो. तो कालवू देऊ नका. विटेपेक्षा माल कडक झाला की ओल दरजेतून बाहेर पडत नाही, विटेतूनच पडते, आणि विटेच्या कडा फुटतात. एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू, हा माल मला अशा घरांना मानवलेला दिसतो. वाड्यांसारखं त्याहून जुनं, चुन्यातलं बांधकाम असेल तर सिमेंट अजिबात नको.

मावसभावाला मी सांगितलं, कठडा, सज्ज्यांच्या खाचा, जोत्याजवळची माती आणि दरजा, ही कामं कर आणि एक पावसाळा जाऊ दे. रंगाचं त्यानंतर बोलू.

मला नेहमी वाटतं, माणसं घराचा निर्णय घेतात, भिंतीचा घेत नाहीत. घराच्या चार भिंती चार हवामानांत उभ्या असतात. आपल्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येते. पूर्वेची भिंत सकाळच्या उन्हात वाळते. उत्तरेला ऊन कमी, म्हणून शेवाळ जास्त. एका भिंतीवर रोग आहे म्हणून चारही भिंतींना औषध पाजायचं कारण नाही. पश्चिमेला गिलावा आणि बाकी तिन्हीकडे उघडी वीट, असं घरही सुंदर दिसतं.

रंग किंवा गिलावा हवाच, अशी घरंही असतात. काळ्या मातीची, अर्धवट भाजलेली वीट असेल तर तिला झाकलंच पाहिजे. नखानं ओरखडा उठत असेल, दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज येत असेल, मातीत राहिलेल्या चुनखडीमुळे जागोजागी खड्डे उडाले असतील, तर हौसेखातर तिला उघडी ठेवू नका. पेशवाईतल्या पुण्यातल्या पुष्कळ वाड्यांच्या विटेवर चुन्याचा गिलावा होता. कोकणात वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं पावसाळ्यापुरती भिंतीला झापं बांधायची रीत आहे. भिंत झाकण्यात कमीपणा नाही. कशानं झाकता ते महत्त्वाचं.

चुन्याची सफेदी सगळ्यांत स्वस्त. ती विटेची वाफ अडवत नाही, मात्र दर एक-दोन वर्षांनी हात फिरवावा लागतो. त्यात गेरू कालवला तर घराला जुना विटकरी रंग येतो. दुसरा पर्याय सिलिकेट रंगाचा. जर्मनीत आडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यातलं पोटॅशियम सिलिकेट विटेतल्या, गिलाव्यातल्या खनिजांशी रासायनिक रीतीनं जुळतं, वर पापुद्रा होऊन बसत नाही, म्हणून त्याचे पोपडे निघत नाहीत. तो महाग आहे. तो दिला की परत उघडी वीट मिळायची नाही, हेही धरून चाला. तिसरा, सिलेन-सिलॉक्सेनचं बिनरंगी द्रव्य. ते विटेची छिद्रं बुजवत नाही, आतून पाणी झटकणारी करतं. झड झेलणाऱ्या चांगल्या भिंतीला मी ते सुचवते, पण भिंत पूर्ण वाळल्यावर आणि लोणा थांबल्यावरच. ओल्या भिंतीवर मारलं तर क्षार आतच कोंडले जातात.

खर्चाचाही हिशेब मांडा. उघड्या विटेला देखभाल म्हणजे क्वचित दरजा आणि सफाई. बाहेरचा रंग एकदा दिला की दर पाच-सात वर्षांनी परांची बांधणं आलं, आणि दुमजली घराला रंगापेक्षा परांची आणि मजुरीच भारी पडते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात याच हिशेबावर अनेक वर्षं काम केलं. १९४०च्या दशकात मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली होती, आणि घर आजूबाजूच्या पाच मैलांत मिळणाऱ्या सामानातून बांधावं हा गांधीजींचा विचार ते पुढं सांगत राहिले. विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवायची त्यांची पद्धत साधारण पाव हिस्सा विटा वाचवते, आणि गिलावा नाही म्हणून तोही खर्च वाचतो. त्यांच्या भिंतींना छपरांच्या रुंद वळचणी असतात, हे मात्र त्यांची नक्कल करणारे विसरतात. वीट उघडी ठेवायची तर डोक्यावर छप्पर पुढं आलेलं हवं. तुमच्या घराला ते नसेल तर रंगाचे पैसे आधी पश्चिमेच्या सज्ज्यांवर घाला.

मोठ्या इमारतींतही ओलीचा हा आजार दिसला आहे. अहमदाबादच्या आयआयएममधली वास्तुविशारद लुई कान यांची उघड्या विटेची वसतिगृहं पाडायचं संस्थेनं २०२० साली ठरवलं होतं, ओल आणि खराब झालेली वीट ही त्यामागची कारणं होती. देशभरातून विरोध झाल्यावर १ जानेवारी २०२१ला तो निर्णय मागं घेतला गेला, पण २०२२ साली संस्थेनं पुन्हा पाडून बांधायचंच ठरवलं. त्याच परिसरातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाचं जतन मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेनं केलं आणि २०१९ला त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिथली वीट आजही वीटच दिसते. आजार वीट बिघडण्याचा होता, आणि तो झाकून ठेवायच्याऐवजी दुरुस्त करता आला.

सगळं तपासूनही रंग द्यायचंच ठरलं, तर आधी नमुना लावा. रंगारी तो मागच्या बाजूला, जिन्याखाली लावतो, तिथं काहीही टिकतं. तुम्ही तो पश्चिमेला, जोत्याजवळ, दीड-दोन हात लांब-रुंद लावून घ्या आणि जून ते सप्टेंबर तसाच राहू द्या. ऑक्टोबरच्या उन्हात त्यावर फोड आले नाहीत, बोटानं टकटक केल्यावर पोकळ आवाज आला नाही आणि कडेनं पांढरं फुटलं नाही, तर मग परांचीवाल्याला बोलवा.