कागदाचं गाव : कागजीपुरा

सबमिशनच्या आठवड्यात आपल्या होस्टेलमध्ये सगळ्यात जास्त काय खपतं? चहा आणि कागद! चहा कसा होतो ते टपरीवाल्या काकांनी रोज दाखवलंय. पण कागद? त्याचं उत्तर आपल्या शहराच्या जवळच आहे. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे कागजीपुरा नावाचं छोटंसं गाव लागतं. वेरूळच्या ट्रिपला आपण सगळे तिथून गेलोय, पण किल्ला मागे पडला की आपल्या अंताक्षरीला जोर चढतो!

१३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. राजधानी म्हणजे फर्मानं, हिशेब, पत्रं, थोडक्यात ढीगभर कागद. तेव्हा आलेल्या कारागिरांनी हे गाव वसवलं असं सांगतात. राजधानी परत गेली, कारागीर मात्र राहिले. पुढे 'दौलताबादी कागद' दूरदूरच्या दफ्तरांत पोचला. सोनेरी कण शिंपडलेल्या कागदाला 'अफशानी' म्हणत.

आता थोडी प्रोसेस बघू. जुन्या सुती चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या, कुटायच्या, धुवायच्या, की लगदा तयार. तो पाण्याच्या हौदात ढवळायचा. मग लाकडी चौकटीवर बारीक काड्यांची चटई ताणून ती हौदात बुडवायची आणि आडवी उचलायची. पाणी गळून जातं, तंतू एकमेकांत अडकून वर राहतात. तोच कागद! तो दाबून, भिंतीवर चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटला नाही तर शाई फुटते. कागदाची जाडी ठरते उचलणाऱ्याच्या मनगटावर. आपल्याला मायक्रोमीटर लागतो, त्यांना नाही.

हा कागद टिकतो कसा? वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन असतं, म्हणून तो उन्हात पिवळा पडतो. सुती चिंधीत लिग्निन जवळजवळ नसतंच, तंतूही लांब असतात. म्हणून शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखितं आजही वाचता येतात. आपली जर्नल्स किती टिकतील ते आपणच ठरवा!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तिथे हेरिटेज म्हणजे अजिंठा-वेरूळ, एवढंच डोक्यात बसलं होतं. ही लेणी १९८३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, त्याचा अभिमान आहेच. पण २०१४ साली युनेस्कोने जपानच्या 'वाशी' या हातकागदाची कलाही वारसा म्हणून नोंदवली. म्हणजे वारसा दगडातच असतो असं नाही, तो हातातही असतो. आणि दोन्हींत मोठा फरक आहे. लेणं कोणी बघायला आलं नाही तरी उभं राहतं. हातातली कला एका पिढीने सोडली की संपली. मिलचा स्वस्त कागद आला, कचेऱ्यांतून हातकागद गेला आणि कागजीपुऱ्यात हे काम करणारी घरं फार थोडी उरली. पोरांनी दुसरी नोकरी धरली तर त्यांना दोष कसा देणार? पोट तर सगळ्यांनाच आहे.

मग आपण काय करू शकतो? केमिकलवाल्यांनी लगद्यावर आणि मेकॅनिकलवाल्यांनी कुटण्याच्या स्वस्त यंत्रावर प्रोजेक्ट घ्यावा. गॅदरिंगची आमंत्रणं हातकागदावर छापावीत. कौतुकाने कारागिराची चूल पेटत नाही, ऑर्डरने पेटते. पुढच्या वेळी वेरूळला निघालात तर कागजीपुऱ्यात जरूर उतरा!