विश्लेषण : ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’... चूक फोनची, वायफायची की संकेतस्थळाची?

अर्ज भरण्याची शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा. कागदपत्रे अपलोड झालेली आणि ऐन शुल्क भरताना मोबाइलवर लाल त्रिकोण झळकतो : ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. खाली दोनच वाटा. मागे फिरा, नाहीतर ‘ॲडव्हान्स्ड’वर बोट ठेवून पुढे रेटा. घाईत अनेक जण दुसरी वाट धरतात. हा इशारा दर वेळी हल्ल्याचा नसतो, हे खरे. पण तो कशामुळे आला हे साधारण पाच मिनिटांत शोधता येते आणि तोवर पासवर्ड, कार्ड क्रमांक किंवा ओटीपी टाकणे जोखमीचे असते.

ब्राउझर नेमके काय तपासतो?

‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारे संकेतस्थळ उघडले की ते आधी ब्राउझरला आपले प्रमाणपत्र म्हणजे सर्टिफिकेट दाखवते. त्यावर संकेतस्थळाचे नाव, मुदत कधीपासून कधीपर्यंत आणि ते देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी असते. नाव जुळते का, आजची तारीख मुदतीत बसते का आणि देणारी संस्था विश्वासार्ह यादीत आहे का, हे ब्राउझर पाहतो. यातले एक जरी चुकले तरी लाल पान येते.

या पानावर बारीक अक्षरांत एक सांकेतिक इंग्रजी ओळ असते. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही, पण निदान तिथेच लिहिलेले असते. ओळीत ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर तारखेचा घोळ. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर नाव जुळत नाही. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणजे प्रमाणपत्र देणारा ब्राउझरच्या ओळखीचा नाही. या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. हेल्पलाइनला फोन केल्यावर ‘साइट उघडत नाही’ या तक्रारीपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

आधी घड्याळ का पाहायचे?

कारण ‘आज’ कोणता दिवस आहे हे ब्राउझर आपल्याच फोनला विचारतो. फोनची तारीख मागे गेली असेल तर कालच दिलेले प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेले’ वाटते. पुढे गेली असेल तर चांगले चाललेले प्रमाणपत्रही संपलेले वाटते. घोळ मोठा असेल तर क्रोम ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’ असे स्पष्टही सांगतो. मोबाइल गेममधली बक्षिसे लवकर मिळावीत म्हणून मुलांनी तारीख बदलून ठेवलेली असणे, हे यामागचे घरगुती कारण. सेटिंग्जमध्ये तारीख व वेळ ‘ऑटोमॅटिक’ करून ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला की काम होते.

सायबर कॅफे, शाळांच्या संगणक खोल्या, दुकाने अशा ठिकाणी जुन्या डेस्कटॉपची तऱ्हा वेगळी. त्यांच्या मदरबोर्डवर बटणाएवढा सेल असतो. सीआर २०३२ हा त्याचा नेहमीचा क्रमांक. तो संपला की वीज गेल्यावर संगणक काही वर्षे मागे जाऊन बसतो. एकच नव्हे, सगळीच संकेतस्थळे असुरक्षित दिसू लागली तर संशय आधी या सेलवर घ्यावा. सेल स्वस्तात मिळतो आणि बसवायला दोन मिनिटे लागतात.

वायफाय आणि जुना फोन

रेल्वे स्थानक, हॉटेल, रुग्णालय येथील मोफत वायफाय आधी लॉगिनचे पान दाखवू पाहते आणि त्यासाठी आपण मागितलेल्या संकेतस्थळाच्या मध्ये येते. मध्ये कोणी आले की ब्राउझर बोंब मारणारच, ते त्याचे कामच आहे. अशा वेळी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडावे. इशारा गेला तर दोष त्या वायफायचा. मग पैशांचा व्यवहार डेटावरच उरकावा. कार्यालयातील नेटवर्क किंवा संगणकातला अँटिव्हायरसही असाच मध्ये येऊ शकतो.

जुन्या फोनचे दुखणे मात्र घड्याळाने किंवा डेटाने बरे होत नाही. विश्वासार्ह संस्थांची यादी बहुतेक जुन्या अँड्रॉइड फोनांत प्रणालीबरोबरच येते आणि अपडेट थांबले की तिथेच गोठते. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पूर्वीच्या फोनांत नाही. ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे हे फोन चालत होते, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. खास सोय करून त्यांना आणखी काही काळ सांभाळून घेतले गेले, तीही २०२४ मध्ये संपली. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो, म्हणून अशा फोनांवर तो वापरावा, असा सल्ला तेव्हा ‘लेट्स एन्क्रिप्ट’नेच दिला होता. निकाल पाहण्यापुरते ते ठीक. बँकेसाठी असा फोन वापरू नये.

सर्व ठीक असूनही इशारा दिसला तर?

दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तेच पान उघडून पाहावे. तिथेही इशारा असेल तर बहुधा चूक संकेतस्थळाची. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावून किंवा काढून पत्ता पुन्हा टाकावा, कारण कधी कधी प्रमाणपत्र दोहोंपैकी एकाच नावावर घेतलेले असते. मुदत संपली असेल तर वापरकर्त्याच्या हातात काही नसते. असे विसराळूपण मोठ्यांकडूनही होते. ३ फेब्रुवारी २०२० रोजी ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ काही तास बंद पडले होते ते प्रमाणपत्राचे नूतनीकरण राहून गेल्यामुळे. शेवटच्या तारखेचा प्रश्न असेल तर स्क्रीनशॉटसह ईमेल पाठवून ठेवावा, म्हणजे आपण वेळेत प्रयत्न केल्याचा पुरावा राहतो.

मग खरा धोका कधी?

२०११ मध्ये नेदरलँड्समधील ‘डिजिनोटार’ या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत हॅकर घुसले आणि त्यांनी गुगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र बनवले. ते इराणमधील जीमेल वापरकर्त्यांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले. हा प्रकार उघड झाला, तो तिथल्या एका वापरकर्त्याने क्रोमचा इशारा गांभीर्याने घेतला म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

भारतही याला अपवाद नाही. जुलै २०१४ मध्ये गुगलला आपल्या काही डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रे आढळली. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे ‘एनआयसी’च्या प्रमाणपत्र यंत्रणेतून निघाली होती. भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांनी लगोलग या यंत्रणेची प्रमाणपत्रे रद्द केली. अशी चारच प्रमाणपत्रे निघाल्याचे चौकशीनंतर सांगण्यात आले. यापलीकडचीही आपल्याला ठाऊक आहेत, असे गुगलने जाहीर केले आणि क्रोममध्ये भारतीय मूळ प्रमाणपत्राचा अधिकार सात डोमेनपुरता मर्यादित करून टाकला.

म्हणूनच रोजच्या वापरातले बँकेचे किंवा ईमेलचे पान अचानक ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ दाखवू लागले, तारीख बरोबर असेल आणि ‘पुढे जा’चा पर्यायच दिसत नसेल, तर थांबणे भाग आहे. तो पर्याय गायब असणे हा बिघाड नव्हे. आपल्या बाबतीत सूट देऊ नका, असे त्या संकेतस्थळानेच ब्राउझरला बजावलेले असते. ‘हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा, इशारा जाईल’ असे सांगणारी फाइल तर कोणीही दिली तरी घेऊ नये. २०१९ मध्ये कझाकस्तान सरकारने नागरिकांना असेच प्रमाणपत्र बसवायला सांगितले होते. त्यातून सगळी देवाणघेवाण वाचता येत असल्याने गुगल, मोझिला आणि ॲपल यांनी ते ब्राउझरमध्येच रोखले.

इशारा डावलून पासवर्ड टाकून झालाच असेल तर दुसऱ्या नेटवर्कवरून तो लगेच बदलावा आणि बँकेला कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

इशारा नसेल तर संकेतस्थळ खरेच का?

नाही. प्रमाणपत्र मोफत मिळते, ते भामट्यालाही मिळते. त्याच्या बनावट पत्त्यावरही सगळे सुरळीत दिसते. कुलूप दिसले की लोक निर्धास्त होतात, हे पाहून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याजवळचे कुलपाचे चिन्ह काढून टाकले. बँकेचा पत्ता ओळखणे सोपे व्हावे म्हणून रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर जाण्यास सांगितले, ते याच अडचणीवर उत्तर म्हणून.

पुढे काय?

प्रमाणपत्रांची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरवले. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. चोरीला गेलेले प्रमाणपत्र लवकर निकामी व्हावे, हा त्यामागचा हेतू. मोठ्या कंपन्यांकडे हे नूतनीकरण आपोआप होते. वर्षातून एकदा आठवणीने हाताने नूतनीकरण करणारी महाविद्यालये, पतसंस्था, छोटी कार्यालये यांना मात्र आता तेच काम वर्षातून आठ वेळा करावे लागेल.