पंख्याचा आवाज : खेळाच्या डब्यात आणि खोडदच्या माळावर

टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेमचा डबा तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल, काहींनी तो मित्राकडे पाहिला असेल. खेळ सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे तो गप्प असतो. पुढे पडद्यावर मोटारींची शर्यत रंगात आली, की डब्यातून घूंऽऽ असा आवाज येऊ लागतो आणि तो वाढतच जातो. "पंखा बिघडला वाटतं," असे घरातले कोणीतरी म्हणते. बहुतेक वेळा पंखा बिघडलेला नसतो. उलट तो आपले काम इमानाने करीत असतो. हा आवाज कशाचा, तो कमी करणे इतके अवघड का, आणि जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावी उभ्या असलेल्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीचा त्याच्याशी काय संबंध, हे आज आपण पाहू.

प्रथम उष्णतेचा हिशेब करू. डब्यातल्या चिपवर कोट्यवधी सूक्ष्म विद्युत्-कळा असतात. प्रत्येक कळ उघडताना किंवा मिटताना थोडीशी विद्युत्-ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता बनते. चिप पडद्यावर डोंगर उभे करो की गणिते सोडवो, आत गेलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. जपानमध्ये १९८३ साली निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम हा खेळ आला, त्याला दहा वॅटहूनही कमी वीज लागे. १९९० नंतर आपल्याकडच्या बाजारांत जे कार्ट्रिजवाले टीव्ही गेम आले, ते बहुतेक त्याच घराण्यातले. त्यांत पंखा नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. याउलट २०२० साली आलेला प्लेस्टेशन ५ हा डबा मोठा खेळ चालू असताना सुमारे २०० वॅट वीज घेतो. म्हणजे जुन्या पद्धतीचे शंभर वॅटचे दोन दिवे एका बंद डब्यात लावून ठेवल्यासारखे झाले! त्यातही बहुतेक उष्णता जेमतेम टपालाच्या तिकिटाएवढ्या चिपमधून निघते. ती बाहेर काढली नाही, तर काही क्षणांतच चिप स्वतःला बंद करून घेईल.

उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचे वहन, अभिसरण आणि प्रारण असे तीन मार्ग तुम्ही शिकला आहात. त्यांतला अभिसरणाचा मार्ग पाहायचा असेल तर जुन्नर-आंबेगावच्या मुलांना प्रयोगशाळेत जायला नको. शेतातली कांद्याची चाळ पाहावी. काढून ठेवलेला कांदा जिवंत असतो, तो श्वसन करतो आणि त्यातून उष्णता निघते. ही उष्णता आत कोंडली तर कांदा सडतो. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून उंच ठेवतात आणि बाजूंना पट्ट्यांमध्ये फटी सोडतात. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला खालून गार हवा शिरते. विजेचा खर्च नाही आणि आवाजही नाही. जुने टीव्ही गेम याच रीतीने थंड राहत. पण कांदा आपली उष्णता सावकाश, सगळ्या ढिगातून सोडतो, चिप मात्र ती एका बिंदूतून ओतत असते. तेथे हवेच्या आपोआप होणाऱ्या अभिसरणावर भागत नाही.

म्हणून आधी ती उष्णता पसरवावी लागते. चिपच्या पाठीवर धातूचा तुकडा दाबून बसवतात. दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म खळगे राहतात आणि त्यांतली हवा उष्णतेला अडवते. हे खळगे एका चिकट लेपाने भरतात. प्लेस्टेशन ५ मध्ये लेपाऐवजी चक्क द्रवरूप धातू वापरला आहे. पुढे तांब्याच्या बंद नळ्या येतात. या नळ्यांची गंमत अशी, की आत बहुधा थोडे पाणीच असते आणि हवा जवळजवळ काढून टाकलेली असते. दाब कमी असल्याने हे पाणी कमी तापमानालाच उकळते. चिपच्या बाजूला पाण्याची वाफ होते, ती नळीच्या थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत येते. माठातले पाणी बाष्पीभवनाने गार होते, तेच तत्त्व. फक्त येथे वाफ उडून न जाता पुन्हा कामाला येते. नळ्यांच्या थंड टोकांना पातळ पत्र्यांची चळत जोडलेली असते, आणि या पत्र्यांमधून पंखा हवा रेटतो.

किती हवा? हे गणित तुम्हाला सहज करता येईल. १ किलोग्रॅम हवा १ अंशाने तापवायला सुमारे १००० ज्यूल लागतात. डब्यातून बाहेर पडणारी हवा खोलीच्या हवेपेक्षा १५ अंशांनी गरम असावी असे धरू. २०० वॅट म्हणजे दर सेकंदाला २०० ज्यूल. भागाकार केला की दर सेकंदाला सुमारे १३ ग्रॅम हवा हवी असे उत्तर येते. उन्हाळ्यात मुंबईला १३ ग्रॅम हवा साधारण साडेअकरा लिटर जागा व्यापते. जुन्नर-आंबेगावची बरीचशी गावे समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंचीवर आहेत. तेथे हवा सहा ते आठ टक्के विरळ, म्हणून तेवढ्याच कामाला बारा लिटरांहून थोडी जास्त हवा लागते. थोडक्यात, दर सेकंदाला एक बादलीभर हवा त्या अरुंद फटींतून ओढून बाहेर फेकायची आहे. मग आवाज होणारच की!

आवाजाचे मुख्यतः दोन भाग असतात. समजा, पंख्याला ९ पाती आहेत आणि तो मिनिटाला १८०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ३०. पंख्याच्या चौकटीतल्या एखाद्या आडव्या दांडीसमोरून सेकंदाला ३० × ९ = २७० वेळा पाते जाते आणि प्रत्येक वेळी हवेला एक टिचकी बसते. यातून २७० कंप्रतेचा सूर निघतो. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकात पांढरी एक आणि काळी एक यांच्या साधारण मधोमध तो येईल. आवाजाचा दुसरा भाग सुराचा नाही. पात्यांच्या कडांवर आणि पत्र्यांच्या फटींत हवा फाटते, भोवरे उठतात, त्यांची ती नुसती सळसळ असते. कानाला सूर जास्त टोचतो, म्हणून तो मोडण्यासाठी कारागिरांनी एक युक्ती केली आहे. पात्यांची संख्या बहुधा ७ किंवा ९ अशी विषम ठेवतात आणि दांड्या ४ ठेवतात. मग सगळी पाती एकदम दांड्यांसमोर येत नाहीत, टिचक्या विखुरल्या जातात.

खरी अडचण वेगाची आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण त्याला वीज आठपट लागते आणि आवाजाची शक्ती सुमारे तीसपट, म्हणजे १५ डेसिबलने वाढते. एवढ्याशा हवेसाठी ही फार मोठी किंमत! उपाय एकच, लहान पंखा जोरात फिरवण्याऐवजी मोठा पंखा सावकाश फिरवायचा. प्लेस्टेशन ५ चा पंखा १२ सेंटीमीटर व्यासाचा आणि साडेचार सेंटीमीटर जाड आहे, आणि तो डबा इतका अवजड दिसतो त्याचे एक कारण हेच. ज्यांना सुबक, चपटे डबे आवडतात त्यांनी आवाजाची तक्रार करू नये, असे माझे मत आहे.

उष्णतेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० या खेळाचे आहे. त्याच्या चिपखालचे सूक्ष्म सांधे वारंवार तापून व निवून तडकत, आणि डब्यावर तांबडे दिवे लागून खेळ बंद पडे. २००७ साली कंपनीने या बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढली.

आपल्या घरी शत्रू आहे तो धूळ. पत्र्यांच्या फटी धुळीने भरल्या की तेवढीच हवा नेण्यासाठी पंख्याला वेग वाढवावा लागतो. वैशाखात खोलीच चाळीस अंशांवर गेली, तर चिप आणि हवा यांच्या तापमानांतला फरक कमी होतो आणि पंखा आणखी पळतो. डबा कपाटात कोंडून किंवा गादीवर ठेवणे म्हणजे चाळीच्या फटी पोत्याने बुजवणे. बाहेरची धूळ मऊ ब्रशने काढावी, तीही वायर काढून ठेवल्यावर. डबा उघडण्याचे काम मात्र जाणकारावर सोडावे.

आता खोडदला जाऊ. नारायणगावाजवळच्या या माळावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्यभागी एकवटलेल्या, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. त्या सगळ्या मिळून एकाच दुर्बिणीचे काम करतात. त्यासाठी प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशी गुणावा लागतो. ३० तबकड्यांच्या जोड्या ४३५ होतात, त्या स्वतः मोजून पाहा. दुर्बिणीची अलीकडे सुधारणा झाल्यावर एकेका तबकडीच्या दोन संकेतांचे, सेकंदाला प्रत्येकी ८० कोटी नमुने घेता येऊ लागले. म्हणजे एकूण ४८ अब्ज नमुने, दर सेकंदाला!

हे गुणाकार करायला कोणते यंत्र बसवले असेल? तेच, खेळाच्या डब्यातल्या चिपचे भावंड. खेळाचे चित्र वीस लाखांहून अधिक ठिपक्यांचे असते आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागते. म्हणून खेळांसाठी अशी चिप बनली, की जी हजारो छोटी गणिते एकाच वेळी करते. तिला जीपीयू म्हणतात. खगोलशास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की आपले गुणाकारही याच जातीचे आहेत. खोडदला बसवलेल्या टेस्ला के-४० या जातीच्या एका जीपीयूत २८८० गणक आहेत आणि भरात असताना तो दोनशेहून अधिक वॅट उष्णता सोडतो, म्हणजे खेळाच्या एका अख्ख्या डब्याइतकी! असे अनेक जीपीयू एका खोलीत. तेव्हा पंखे आले, वातानुकूलनही आले.

येथे कोणाच्या झोपेचा प्रश्न नाही, त्यामुळे पंख्यांची घरघर कितीही झाली तरी चालते. नको असतो तो दुसराच गोंगाट. संगणकातल्या घड्याळांचे ठोके, वीजपुरवठ्यातली जलद उघडझाप, पंख्याच्या मोटारीतला तुटक प्रवाह, या सगळ्यांतून क्षीण रेडिओलहरी निघतात. कानाला अगदी शांत वाटणारे यंत्र रेडिओच्या दृष्टीने आरडाओरडा करीत असू शकते. आकाशातून येणारे संकेत किती दुबळे असतात याची कल्पना यावी म्हणून सांगतो : साधा मोबाइल फोन चंद्रावर नेऊन चालू केला, तर तो आकाशातल्या अतिशय तेजस्वी रेडिओ-स्रोतांपैकी एक ठरेल. मग दुर्बिणीच्या पायथ्याशीच खोलीभर संगणक ठेवायचे कसे? पुणे-नाशिक रेल्वेची नारायणगावावरून जाणारी आखणी गेल्या काही वर्षांत अडली, तिच्यामागेही हीच रेडिओ गोंगाटाची हरकत आहे. रेल्वेची वाट पाहणाऱ्या गावांना ती जाचक वाटते, यात नवल नाही.

संगणकांची खोली सगळीकडून धातूने मढवली, की रेडिओलहरी आत अडकतात. पण मग हवाही अडकते आणि जीपीयू भाजून निघतील. या पेचावरचा तोडगा मधमाशांच्या पोळ्यासारखा आहे. अशा खोल्यांच्या झरोक्यांत धातूच्या अरुंद नळ्यांची जाळी बसवतात. जीएमआरटी ज्या लहरी टिपते त्यांतल्या सर्वांत आखूड लहरींची तरंगलांबी सुमारे २० सेंटीमीटर. एक सेंटीमीटर रुंदीच्या नळीत अशी लहर मावतच नाही. ती आत शिरली तरी दर सेंटीमीटरला तिची शक्ती हजारातून एक भाग इतकी घटते. तीन सेंटीमीटर खोल नळीत शंभर कोटींतला एक भाग उरतो. हवेला मात्र तरंगलांबीची अट नाही, ती निवांत आरपार जाते.

खोडदच्या तबकड्या तुम्ही पाहिल्या असतील तर हे तत्त्व तुम्ही आधीच पाहिले आहे. त्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत, आणि जाळीची भोके १ ते २ सेंटीमीटरची आहेत. माळावरचा वारा त्यांतून निघून जातो, म्हणून तबकडीवर त्याचा जोर कमी बसतो. रेडिओलहरी मात्र जाळीला अखंड भिंत समजून परत फिरतात. खेळाच्या डब्यातही आतून भोकांचा पत्रा असतो. पंख्याची हवा जाऊ द्यायची, चिपचा रेडिओ गोंगाट शेजारच्या टीव्हीत जाऊ द्यायचा नाही, हाच त्याचाही हेतू.

राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. शिक्षकांनी त्यासाठी हा प्रयोग अवश्य करून घ्यावा. लहान ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील केंद्र लावा आणि तो तारेच्या उंदराच्या पिंजऱ्यात ठेवून दार लावा. केंद्र मंदावते, खरखर उरते, आणि जाळीतून ती खरखर तुम्हाला स्पष्ट ऐकू येते, म्हणजे ध्वनी व हवा अडलेली नाही. आता दाराची एक कड थोडी सैल करा. अरुंद पण लांब फट राहिली, तर केंद्र काही अंशी परत येते. शंभर बारीक भोकांनी जे बिघडत नाही ते एका लांब फटीने बिघडते, कारण लहर भोकाचे क्षेत्रफळ पाहत नाही, त्याची लांबी पाहते. ट्रान्झिस्टर निरनिराळ्या दिशांना वळवून पाहा, आणि दाराला चहूबाजूंनी ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवल्यावर काय फरक पडतो, तेही वहीत लिहून ठेवा.