दोन सेकंदांची हाक

सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा 2002 मध्ये फियाटने त्याला फेरारी 360 मोडेना भेट दिली. किल्ली सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हातून मिळाली, मग आयात शुल्काच्या माफीवरून वाद पेटला आणि 2011 मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. एवढी आठवण मराठी वाचकाला असते. फारसा कोणाला न पडलेला प्रश्न वेगळाच आहे: या गाडीचं इंजिन मिसिंग मारायला लागलं, तर तिच्याशी बोलणार कोण? फेरारी कंपनी अधिकृतपणे भारतात आली तीच 2011 मध्ये. 400 अश्वशक्तीच्या त्या इंजिनावर बॉशच्या कॉम्प्युटरचा ताबा होता आणि त्याला विचारायचं यंत्र फेरारीच्या स्वतःच्या वर्कशॉपांसाठी बनलेलं होतं.

फेरारी राहू द्या. त्याच सचिनने जाहिरात केलेली फियाट पॅलिओ घ्या. 2001 साली आलेली, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवलेली. तिचं 1.6 लिटरचं जीटीएक्स रूप शंभर अश्वशक्तीचं होतं आणि त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर तीच गरिबाची स्पोर्ट्स कार. बोईसर-पालघरकडे अशी एखादी शिल्लक असेल तर तिच्यावर बहुधा एमएच 04 ची पाटी असेल, कारण पालघर स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला; त्याआधी सगळं ठाणेच. अशा गाडीला गॅरेजात ‘स्कॅनर लावला’ की पुष्कळदा पडद्यावर एकच ओळ येते: संपर्क नाही. मालक म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला, मिस्त्री मान हलवतो आणि हजारोंचा डबा बदलायची भाषा सुरू होते. डबा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. स्कॅनर त्याच्या भाषेत बोलत नसतो, एवढंच.

याचं मूळ कायद्यात आहे. अमेरिकेत 1996 पासून प्रत्येक नव्या मोटारीला ठरावीक सोळा पिनांचा सॉकेट आणि ठरावीक भाषा सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना हे 2001 मध्ये लागू झालं. आपल्याकडे भारत स्टेज चार बरोबर 2010 मध्ये पहिली पायरी आली आणि 2013 मध्ये दुसरी. म्हणजे 2001 च्या भारतीय गाडीला काहीच बंधन नव्हतं. जुन्या फियाटमध्ये तीन पिनांचा सॉकेट असायचा, दुसऱ्या कंपन्यांचे आणखी वेगळे. सोळा पिनांचा सॉकेट दिसला तरी हुरळून जाऊ नये. आतली तार कुठल्या पिनेला आहे आणि पलीकडचा कॉम्प्युटर कोणती बोली बोलतो, हे त्यावरून कळत नाही.

त्या काळच्या बऱ्याच युरोपीय गाड्या एकाच तारेवर बोलत. तिला के-लाइन म्हणतात. सोळा पिनांच्या सॉकेटात ती सातव्या पिनेवर येते. आजच्या गाडीतली कॅन बस ही संदेशवाहिनी सेकंदाला पाच लाख बिट नेते, के-लाइनचा वेग 10,400. पण खरी गंमत सुरुवातीला आहे. जुन्या पद्धतीत स्कॅनरच्या जागी लावलेल्या लॅपटॉपने कॉम्प्युटरचा पत्ता सेकंदाला फक्त पाच बिट या वेगाने पाठवायचा. आठ बिटांचा पत्ता, पुढेमागे एकेक बिट, म्हणजे एकूण दहा. पूर्ण दोन सेकंद लागतात, एका हाकेला! मग पलीकडून एक-शून्य-एक-शून्य अशा आळीपाळीचा आकडा येतो, त्यावरून लॅपटॉप वेग जुळवतो. त्यापाठोपाठ दोन खुणेचे आकडे येतात, त्यांतला दुसरा उलटा करून परत पाठवायचा. एवढी ओळख पटली की बोलणं सुरू. मध्येच थोडा वेळ गप्प राहिलात तर तो फोन ठेवून देतो आणि पुन्हा दोन सेकंदांची हाक.

यासाठी लागणारी केबल स्वस्त मिळते. केकेएल केबल या नावाने ती ओळखली जाते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन ग्रँट रोडहून परत यायचं. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल झाली, त्यामुळे बोईसरकराला हा फेरा जड नाही. खरेदी करताना आतली चिप बघावी. एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या नकला इतक्या झाल्या की 2014 मध्ये कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांची ओळखच पुसून टाकली आणि जगभर लोकांच्या केबली एका अपडेटने मेल्या. म्हणून जुन्या मोटारींचे शौकीन इंटरनेट न जोडलेला एखादा जुनाट एक्सपी लॅपटॉप जपून ठेवतात. हसू येतं, पण आहे शहाणपणाचं.

बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट विभागात काम केलेल्या माणसाला यातलं काहीच परकं नाही. कॉम पोर्टचा नंबर, बॉड रेट, यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर, कारखान्याची यंत्रं चालवणाऱ्या जुन्या पीएलसीला लावायचा जुना लॅपटॉप, हे तर त्याचं रोजचं. आणि एक सवय त्याच्या अंगात मुरलेली असते, जी गॅरेजात दुर्मीळ आहे: वाचलेल्या आकड्यावर लगेच विश्वास न ठेवणे. कारखान्यात ट्रान्समीटर 4 ते 20 मिलिअँपिअरमध्ये बोलतो. प्रवाह शून्यावर आला तर तापमान शून्य नाही, तार तुटली, हे नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात कळतं. मोटारीतही तसंच आहे. सेन्सरचा व्होल्टेज टोकाला गेला की कॉम्प्युटर दोष नोंदवतो. सेन्सर मधल्या भागात कुठेतरी खोटं बोलत राहिला, तर कॉम्प्युटर बिचारा मानून घेतो.

चिंचणी-तारापूरची खारी हवा आणि एमआयडीसीतला आम्लाचा वास यांची करामत नेमकी इथे दिसते. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा रोध थंडीत जास्त, गरमीत कमी असतो. कनेक्टरच्या पिनेवर हिरवट गंज चढला की रोध वाढतो आणि कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन गारठलंय. तो पेट्रोल वाढवतो. धूर काळा, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, ॲव्हरेज पार बसलेलं. दोषांच्या यादीत मात्र काही नाही. फार तर ऑक्सिजन सेन्सरचा कोड मिळेल, मिश्रण दाट असल्याचा. तेवढ्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, मग प्लग, मग इंजेक्टर धुतले जातात.

लॅपटॉप इथे कामी येतो तो कोड वाचण्यासाठी नव्हे. रात्रभर उभ्या गाडीची सकाळी नुसती किल्ली फिरवायची, स्टार्ट करायचं नाही आणि चालू आकडे बघायचे. पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. हवा 28 अंश आणि पाणी 6 दाखवत असेल, तर बोईसरमध्ये बर्फ पडलेला नाही, वायरिंग तपासा. मग स्टार्ट करून जुन्या पद्धतीच्या ऑक्सिजन सेन्सरची रेषा पहावी. इंजिन तापल्यावर ती साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सतत वरखाली उड्या मारते. एकाच जागी चिकटली तर काहीतरी बिनसलंय. कोड म्हणजे कॉम्प्युटरची तक्रार, हे आकडे म्हणजे त्याची जबानी. मी तरी जबानीवरच भरवसा ठेवीन, तीही उलटतपासणी करून.

संपर्क मध्येच तुटत असेल तर आधी अर्थिंग बघावं. जुन्या प्लगच्या वायरींतून ठिणगीचा गोंगाट के-लाइनवर उतरतो. केबल त्यांच्यापासून लांब ठेवली, बॉडीची अर्थ घासून घट्ट केली, की पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. आणि किल्लीतली चिप न ओळखल्यामुळे इंजिन सुरू होत नसेल, तर ते इमोबिलायझरचं भांडण आहे, त्यात इंजेक्टर उघडून हाती काही लागायचं नाही.

वाचणं एक आणि लिहिणं दुसरं. ‘रिमॅप करून देतो, पिकअप बघा’ म्हणणारे हल्ली गल्लोगल्ली आहेत. त्यांचं काम म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीतले पेट्रोलचे आणि ठिणगीच्या वेळेचे तक्ते पुसून नवे भरणं. नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाही, हा एक भाग. दुसरा भाग साधा आहे: तक्ता अर्धा पुसलेला असताना वीज गेली किंवा बॅटरी ढेपाळली, तर डबा खरोखरच जातो, आणि वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा डबा भंगार बाजारातच शोधावा लागतो. करायचंच असेल तर बॅटरीला चार्जर, लॅपटॉपची स्वतःची बॅटरी पूर्ण भरलेली, आणि नवं काही भरण्याआधी मूळ फाइल वाचून तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी. ज्या दुकानात ‘मूळ फाइल कुठे ठेवता?’ या प्रश्नावर मिस्त्री दुसरीकडे बघतो, तिथून गाडी तशीच परत आणावी.