वाचलेल्या युनिटचं खातं

कापूरहोळच्या चौकात पुण्याहून येणारा रस्ता तीन दिशांना फुटतो. सरळ सातारा, उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर-सासवड. याच पट्ट्यात, धांगवडी-नसरापूरच्या बाजूला, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली कॉलेजं उभी राहिली. माझी नोकरीची वर्षं याच रस्त्यावर गेली. वर्गातल्या पंख्यांना धूर नसतो, पण ते फिरवणारी वीज बरीचशी कोळशाची. धूर निघतो चंद्रपूरला, कोराडीला, परळीला. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या हिशेबानं देशात ग्रीडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो कमी कसा करायचा, हे आम्हाला फार लवकर कळलं होतं. पैसा कुठून आणायचा, यात मात्र वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांचा हा मागोवा.

पहिली आशा दाखवली ती कार्बन क्रेडिटनं. क्योटो करार १६ फेब्रुवारी २००५ रोजी अमलात आला. आपण वाचवलेला धूर परदेशी कंपन्या विकत घेतील, असं तेव्हा चर्चासत्रांतून ऐकायला मिळे. तपशिलात शिरल्यावर कळलं, की प्रकल्पाची नोंदणी, बाहेरच्या संस्थेकडून तपासणी आणि दरवर्षीची पडताळणी यांचा खर्च लाखांत जातो. पवनचक्क्यांना आणि मोठ्या कारखान्यांना ते परवडलं. वसतिगृहाच्या गच्चीवर चार सोलर बंब बसवणाऱ्या कॉलेजला ते कसं परवडणार? पुढे २०१२च्या अखेरीस या क्रेडिटचा भाव टनाला एक युरोच्याही खाली आला आणि तो विषय मिटला.

सौर विजेचं स्वप्न तेव्हा महागच होतं. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं, त्या वर्षी केंद्रीय वीज नियामक आयोगानं सौर विजेचा दर धरला होता युनिटला १७ रुपये ९१ पैसे. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भादल्याच्या लिलावात तोच दर २ रुपये ४४ पैशांवर आला. एवढी मोठी घसरण सात वर्षांत झाली.

खरं वळण आलं २०१५ साली. जानेवारीत उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं नेट मीटरिंगचे नियम आणले आणि डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं घरं, शैक्षणिक संस्था व सामाजिक संस्थांच्या छतांवरील सौर प्रकल्पांना ३० टक्के अनुदान मंजूर केलं. एका वर्षात तीन दारं उघडली.

त्यातलं नेट मीटरिंगचं दार कॉलेजांसाठी सर्वांत मोलाचं. आमच्याकडे ऊन सर्वांत कडक मे महिन्यात, आणि नेमक्या त्याच महिन्यात वर्ग रिकामे. जूनमध्ये मुलं येतात, तेव्हा भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर ढग उतरलेले असतात आणि ते सप्टेंबरपर्यंत हलत नाहीत. जुन्या व्यवस्थेत मेमधली वीज वायाच गेली असती. नव्या नियमानं ती महावितरणच्या जाळ्यात जाऊन आपल्या नावावर जमा राहते आणि पावसाळ्यातल्या बिलातून वजा होते. हिशेबाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून मेची शिल्लक पुढे दहा महिने कामी येते. बिलावर ‘जमा युनिट’चा आकडा पहिल्यांदा दिसला, तेव्हा आमच्या कार्यालयातल्या क्लार्कनं तो पेनानं गोल करून सगळ्यांना दाखवला होता. त्यानंतर मार्चमधल्या सकाळी, ऊन तापायच्या आधी, हायवेची धूळ बसलेली पॅनेलं धुवायला शिपायासोबत विद्यार्थीही गच्चीवर चढू लागले.

२०१७ साली कॉलेजांना दर्जा देणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेनं मूल्यांकनाची चौकट बदलली. पर्यायी ऊर्जा, एलईडी यांची विचारणा होऊ लागली. सौर पॅनेल आता गुणांचा विषय झालं. पण पैशाचा प्रश्न तसाच राहिला. बहुतेक कॉलेजं सार्वजनिक न्यासाची. कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शिष्यवृत्तीची आणि शुल्क प्रतिपूर्तीची रक्कम सरकारकडून वेळेवर येत नाही, पगाराची तारीख सांभाळतानाच संस्थेची दमछाक होते. छतासाठी पंचवीस लाख बाजूला काढणार कोण?

इथे ‘रेस्को’ पद्धत आली. कंपनी स्वतःच्या खर्चानं पॅनेलं बसवते, देखभाल करते आणि कॉलेज ठरलेल्या दरानं पंचवीस वर्षं वीज विकत घेते. या पद्धतीचं अर्थशास्त्र समजून घेण्यासारखं आहे. आयकराच्या हिशेबात सौर यंत्रणेवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवता येई, एप्रिल २०१७ पासून तो दर ४० टक्के झाला. धर्मादाय न्यासाला बहुधा आयकरच नसतो, म्हणून त्याला त्या सवलतीचा उपयोग नाही. कंपनीला आहे, आणि त्यातला काही भाग ती स्वस्त दराच्या रूपानं कॉलेजला देऊ शकते. फेब्रुवारी २०१९ मध्ये छतांवरील सौर प्रकल्पांच्या केंद्रीय योजनेचा दुसरा टप्पा आला आणि अनुदान फक्त घरांपुरतं उरलं. २०२४ ची पीएम सूर्यघर योजनाही घरांसाठीच. त्यामुळे रोख नसलेल्या कॉलेजांपुढे रेस्को हाच सोपा रस्ता राहिला. त्यानं छतं भरली, हे मान्य केलंच पाहिजे. पण बचतीचा मोठा वाटा गावाबाहेर गेला, हेही खरं.

दुसऱ्या टोकाला मोठ्या संस्थांचं चित्र वेगळं. ऑगस्ट २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला एका माजी विद्यार्थ्यानं नाव न सांगता १६० कोटी रुपये दिले, हरित ऊर्जा आणि शाश्वततेच्या संशोधन केंद्रासाठी. त्या दानाला नमस्कार. पण असा दाता कापूरहोळच्या वाट्याला येण्याची वाट पाहून चालणार नाही.

आता एक साधा हिशेब. ५० किलोवॉटचं छत धरू. किलोवॉटला पन्नास हजार, म्हणजे पंचवीस लाख खर्च. वर्षाला साधारण सत्तर हजार युनिट, दहा रुपये दरानं सात लाखांची बचत, सुमारे ४९ टन कार्बन कमी. चार वर्षांच्या आत पैसे वसूल. मग हे सात लाख कुठे जातात? बिल कमी झालं, की ते संस्थेच्या सर्वसाधारण खर्चात विरघळतात. शुल्क नियामक प्राधिकरण झालेल्या खर्चावरूनच फी ठरवतं, म्हणून वाचवलेला रुपया पुढच्या फीमधूनही वजा होतो. वीस वर्षांत आम्ही पैसे नसल्याची तक्रार केली. खरी उणीव होती ती वाचलेल्या पैशाला स्वतंत्र खातं नसण्याची.

हार्वर्ड विद्यापीठानं हे ओळखलं. तिथे २००१ साली ३० लाख डॉलरचा फिरता हरित निधी नव्यानं सुरू झाला. विभागानं बिनव्याजी पैसे घ्यायचे, दिवे-बंब-यंत्रं बदलायची आणि वाचलेल्या बिलातून परत भरायचे. पुढे तो निधी १ कोटी २० लाख डॉलरपर्यंत वाढवला गेला. येल विद्यापीठानं २०१७ पासून अडीचशेहून अधिक इमारतींवर टनाला ४० डॉलर असा अंतर्गत कार्बन आकार लावला, म्हणजे प्रत्येक विभागाला आपल्या धुराची किंमत हिशेबात दिसू लागली.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण राखून ठेवलं नाही, तर उद्या दही लागत नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. भिशी आणि बचत गट याच तत्त्वावर चालतात. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना निघाला. रयत शिक्षण संस्था मूठभर धान्यावर उभी राहिली. कॉलेजच्या विजेसाठी असा फंड का नसावा?

सुरुवात पंख्यापासून होऊ शकते. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आत. रोज आठ तास, वर्षाला दोनशे दिवस धरले, तर एका पंख्यामागे ७२ युनिट, म्हणजे सातशे रुपयांच्या वर बचत. तीन हजारांचा पंखा चार-साडेचार वर्षांत फिटतो आणि पुढच्या वर्गाचा पंखा घेऊन देतो.

म्हणून संस्थाचालकांना, प्राचार्यांना आणि विद्यापीठाला एकच विनंती. येत्या १ एप्रिलला ‘ऊर्जा बचत निधी’ या नावानं एक खातं उघडा. पहिली रक्कम लाखाची असो वा दहा हजारांची, बिलातून वाचलेला प्रत्येक रुपया वसुली होईपर्यंत त्यातच जमा करा आणि त्याचा हिशेब सूचना फलकावर लावा. अनुदानं येतील, बंद होतील. हे खातं मात्र आपल्या हातात आहे.